शालिकरामचा हर्रास

गाडी रिव्हर्स घेऊ नका, हे वर्षालीनं अकोल्याच्या माणिकआत्याला आणि तिच्या नवऱ्याला, जानराव मामाजींना, आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, सकाळी मेसेज टाकून सांगितलं होतं, आणि ते बडनेऱ्यापर्यंत पोचले तेव्हा पुन्हा आठवण दिली होती. सरळ या, निंबाखाली थांबा, जायच्या वेळी हवं तर आम्ही सगळे मिळून गाडी उचलून फिरवून देऊ, पण रिव्हर्स टाकू नका.

जानराव मामाजींनी वलगावच्या वावरात शिरताच रिव्हर्स टाकला.

सावली दिसली की गाडीचं बूड सावलीत आणि तोंड रस्त्याकडे, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. गाडी बिचारी इमानदार. ती ओरडायला लागली, टूं... टूं... टूं...

रोडगे भाजायच्या जगऱ्याजवळ उभं राहून गोवऱ्या कशा रचायच्या यावरून अमोलकाकाशी भांडत असलेले शालिकराम यांनी हातातली काडी टाकली. आणि मग भर दुपारी, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगात रेनकोट, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, अशा थाटात वर्षालीचे बाबा वांग्याच्या वाफ्यातून जे सुटले, ते थेट मोटरपंपाच्या खोलीत. आतून कडी लागली.

"आले काय वं पाहुणे?" गोदाबाई आजीनं कणीक मळता मळता विचारलं.

"पाहुणे आले," वर्षाली म्हणाली, "आन् बाबा गेले."

पोळ्यानंतर बाबा आजारी पडले होते. वावराच्या कडेचं, धुऱ्यावरचं गवत कापताना काखेत काहीतरी चावलं, काळी खपली धरली, तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. मग ताप आला आणि तो असा चढत गेला की अमरावतीच्या दवाखान्यात बाबांच्या नाकातोंडात नळ्या घालून त्यांना टूं टूं करणाऱ्या मशीनवर ठेवावं लागलं. स्क्रब टायफस. भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायला ज्याचा आवाज लागला की अडतेसुद्धा चहा खाली ठेवत, त्या माणसाला डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यानं आडवा केला. तरी बाबा वाचले. घरी आले. पेढे वाटले गेले, आणि सगळ्यांना वाटलं, चला, संपलं.

कुठलं संपायला! जे बाबा घरी आले ते कशालाही टूं करू देत नव्हते. इन्व्हर्टर विकला. वॉशिंग मशीनची बोलती बंद केली. कोणाचा मोबाईल वाजला की बाबा भिंतीला टेकायचे आणि घामानं बनियन ओलं व्हायचं, म्हणून घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल उंबऱ्यावरच काढून घ्यायचं काम वर्षालीकडे आलं. अकरावीच्या पोरीला एवढा अधिकार कधी मिळतो? तिनं तो मनापासून वापरला. सरपंचांचासुद्धा सोडला नाही. गवतातला किडा अंगाला लागू नये म्हणून बाबा गमबूट आणि रेनकोट घालून फिरत. झोपत तर नसतच. सारखा तो चिमटा घेऊन घरभर, आधी स्वतःचं बोट, मग आईचं, मग आजीचं. एका पहाटे तर त्यांनी तो शेळीच्या कानाला लावला होता. शेळीचा काही आकडाच येईना, तेव्हा डॉक्टरांना फोन लाव म्हणून हटून बसले.

इथपर्यंत सगळे हसून घेत. पण दोन गोष्टींवर कोणाला हसू येत नव्हतं. बाबा बाजारात पाय ठेवत नव्हते, आणि जानराव मामाजींशी बोलत नव्हते. भाऊबीजेला माणिकआत्याकडून ओवाळून घेतलं, तिला साडी दिली, आणि तिच्यामागून मामाजी आत आल्याबरोबर भिंतीकडे तोंड करून बसले. घरच्या जवायाकडे पाठ! अकोल्यापर्यंत बोंब झाली.

कारण कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाकडे एकेक होतं.

"नजर लागली माह्या पोराले," आजी म्हणे.

"ते विहिरीच्या वाट्याचं असंन," रागिणीकाकू अमोलकाकाच्या कानात सांगे, आणि तिच्या कानात सांगण्याला वलगावच्या लाऊडस्पीकरची सर होती. "जवायानं त्यात तोंड घातलं असंन."

"माह्या नवऱ्यानं कायच्यात तोंड घातलं नाई," आत्या ठणकावून सांगायची. "तो मोटर वाइंडिंगवाला मानूस. त्याले तांब्याच्या तारेपुढं काई समजत नाई."

आज ते सगळं एकाच निंबाखाली जमलं होतं. बाबा मशीनवर होते तेव्हा आत्यानं नवस बोलला होता, भाऊ वाचला तर त्याच्याच वावरात कणकेचे रोडगे भाजून जेवण घालीन. आणि या घराची रीत अशी, की नवसाचा पहिला रोडगा घरच्या जवायानं फोडायचा आणि पहिला घास ज्याच्यासाठी नवस बोलला त्याच्या तोंडात घालायचा. तोवर पानावर कोणी बसायचं नाही. म्हणजे आज मामाजींचा हात आणि बाबांचं तोंड एका जागी आणायचं होतं, आणि सध्या त्या दोघांच्या मध्ये वांग्याचा अख्खा वाफा आणि आतून लावलेली कडी होती.

जानराव मामाजी गाडीतून उतरले. पांढरा सदरा, खिशाला टेस्टर, कारण टेस्टर नसला की त्यांना उघडं वाटायचं. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं.

"माह्या गाडीची चाहूल लागली अन् मानूस कोंडून घेते," ते म्हणाले. "माणिक, बस गाडीत. आपुन निंघू."

"नवसाचे रोडगे टाकून जाता?" आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग मीच सांगतो. आज शालिकरामनं तुमच्या हातचा घास घेतला नाई, तं मी या वावरात पुन्हा पाय ठेवत नाई. भाऊ मेला असता तं रडून मोकळी झाली असती. जिता असून तोंड फिरवते, त्याचं काय करू?"

तिचा आवाज शेवटी फाटला, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तिनं आजीवर डाफरून घेतलं, "एवढी सैल कणीक कुठी असते का वं आई!"

वर्षालीनं सगळ्यांचे मोबाईल गोळा केले, वरणाच्या रिकाम्या गंजात टाकले आणि वर झाकण ठेवलं. मग जगरा पेटला, रोडगे निखाऱ्यात पडले, तरी बाबा बाहेर येईनात, तेव्हा ती मोटरच्या खोलीकडे निघाली. चालताना तिला तपासणीच्या वेळच्या डॉक्टर मॅडम आठवत होत्या. आई औषधं आणायला गेली होती, तेव्हा वर्षालीनं धीर करून विचारलं होतं, मॅडम, माझ्या बाबांना वेड लागलं आहे का? मॅडम म्हणाल्या होत्या, नाही. एवढ्या मोठ्या इन्फेक्शनमधून आणि आयसीयूतून उठलेल्या पुष्कळ माणसांचं असं होतं. तिथे काहीबाही दिसतं, आणि घरी गेल्यावरही ते खरंच घडलं असं वाटत राहतं. इथल्या मानसोपचाराच्या मॅडमना दाखवा, त्यांचा इलाज असतो. आणि बाबांना विचार, काय दिसलं. फक्त एक कर, हसू नकोस.

मंगळवारची वेळ घेऊन ठेवली होती. बाबा म्हणाले होते, मी काही पागल नाही. आणि काय दिसलं, हे विचारायला वर्षालीला अजून जागा सापडली नव्हती.

तिनं दारावर बोटानं वाजवलं. "बाबा, मी आहो. एकटी."

"गाडी बंद झाली?"

"बंद. मोबाईल गंजात."

कडी निघाली. आत बाबा पालथ्या क्रेटवर बसले होते. रेनकोटच्या आत घामाघूम. चिमटा अजून बोटाला. त्यांनी न विचारता दुसरा चिमटा तिच्या बोटाला लावला, खिशात जोडीनंच असायचे, आणि आकडा पाहून जरा सैल बसले.

"बाबा, आयसीयूत तुमाले काय दिसलं?"

कोणी असं सरळ विचारलंच नव्हतं. झोप का येत नाही विचारलं, बाजारात का जात नाही विचारलं, मामाजींनी काय केलं विचारलं.

"हसशीन तू."

"नाई हसत. आईची शपत."

"तिची शपत नको खाऊ, तिचा ऑक्सिजन सकाळी एक पॉइंट खाली होता." बाबांनी गमबुटाला चिकटलेली माती बोटानं खरवडली. "बाजार होता, वर्षे. आपलाच. पन उजेड पांढराफट, सूर्य नाई, काई नाई. हर्रास चालू होता. अन् मी खाली, वांग्याच्या ढिगात."

"ढिगाजवळ?"

"ढिगात. मीच वांगं होतो."

वर्षालीनं ओढणीचं टोक तोंडात घातलं.

"हात हालवाले गेलो तं हात नाई. वांग्याले कुठचे हात? वरडाले गेलो तं तोंडात देठ. घशापर्यंत. बाजूले इलेक्ट्रॉनिक काटा, टूं टूं करून राहिला, मले मोजून राहिला. अन् मधात कोन उभं? जवाई! निळा डगला घातलेले. भाव पुकारून राहिले. वांगे उतरले. वांगे अजून उतरले. माल पडून हाये, उठाव नाई. माह्या बहिनीचा नवरा, वर्षे! ज्याच्या लग्नात मी हातानं पंगत वाढली, तो मले मेथीच्या जुडीच्याही खालच्या भावात इकून राहिला!"

ओढणीचा निम्मा भाग आता तोंडात होता.

"अन् गिऱ्हाईक येऊन राहिलं. पाहून राहिलं, जाऊन राहिलं. मंग तुही माय आली. म्या म्हटलं, सुटलो. तिनं मले हातात घेतलं, दाबून पाह्यलं." बाबांनी मूठ उघडून दाखवली. "अन् ठेवून देल्लं. पुढच्या दुकानी गेली."

ओढणी आपोआप तोंडातून निघाली. वर्षालीला हसू येत होतं ते कुठे गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"आताही डोळा लागला की हर्रास चालू होते. भाव उतरत जाते. मले वाटते, शून्यावर आला की फेकून देतीन गुरांपुढं. म्हून मी झोपतच नाई. मले माहीत हाये वर्षे, मी वांगं नाई. दिवसा चांगलं माहीत राह्यते. पन जवाई दिसले की वाटते, लागली बोली."

ती बाबांना चिकटून बसली. रेनकोट चरचरला.

"कोनाले सांगशीन नको. वलगावात हसून मारतीन मले."

"नाई सांगत," ती म्हणाली. आणि जरा विचार करून, "पन एक विचारू मामाजीले? फक्त विचारतो. सांगत काईच नाई."

बाबांनी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि वर्षालीसाठी तेवढं पुष्कळ होतं. ती बाहेर पडली. दार तिनं मुद्दाम नीट लावलं नाही.

निंबाखाली तोपर्यंत पक्ष बदलले होते. जगऱ्यातून रोडगे निघाले होते, पोत्यात घालून झटकून त्यांची राख काढली होती, आणि वांग्याच्या भाजीचा वास असा सुटला होता की सकाळी भावाच्या बाजूनं असलेला अमोलकाका आता उघड जवायाच्या बाजूला जाऊन बसला होता.

"जवाईबुवा, तुमी तिकडंच जाऊन खिडकीतून घास देऊन द्या ना. पटकन होईन."

"मी काय माकडाले चारून राहिलो?" मामाजी कडाडले.

"माह्या पोराले माकड म्हनता?" आजी उठली.

"म्हनलं कुठी, आई! नाई म्हनून तं सांगून राहिलो!"

"विहिरीचं एकदा मोकळं बोलून टाका," रागिणीकाकूनं मध्येच घातलं, आणि वर्षालीची आई, कौशल्या, जी इतका वेळ कोणाच्याच बाजूनं नव्हती, तिनं पळी भाजीत दाणकन आपटली. "घाला चुलीत ती विहीर!"

विहीर चुलीत कशी जाईल हा प्रश्न कोणाला पडायच्या आत वर्षाली मध्ये येऊन उभी राहिली. मागच्या वर्षी हीच पोरगी पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या दारामागून बोलायची.

"मामाजी, एक विचारतो. बाबा मशीनवर होते तवा तुमी आत गेले होते काय?"

"आत कोनालेच सोडत नोते," आत्या म्हणाली. "तुही आई सोडून."

"मी मामाजीले विचारलं."

मामाजींनी खिशातला टेस्टर काढला आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहू लागले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"गेलो होतो," ते म्हणाले. "एक डाव."

"कधी?" आत्याचा आवाज चढला. "त्या दिवशी? मले तं सांगतलं, खाली च्या प्याले गेलो!"

"कौशल्यावहिनी बाहेर आल्या अन् मी दाराशीच उभा होतो. सिस्टरनं मले निळा डगला चढवला, टोपी घातली, म्हने या काका. म्हने त्याइले ऐकू येत असंन, बोला त्याइच्या संग. त्याइच्या कामाचं कायतरी बोला." मामाजींनी टेस्टर परत खिशाला लावला. "आता मी काय बोलू? आमी दोघं एवढ्या वर्सात 'च्या घ्या' अन् 'अकोल्यात पानी कितव्या दिवशी येते' याच्यापुढं गेलोच नाई. अन् तो तिथं पडेल, हात बांधेल, तोंडात नळी. मले काई सुचेना. मंग मोबाईल काढला, त्या दिवशीचे बाजारभाव लावले, अन् वाचाले बसलो. म्हटलं, भाव आयकून उठंन तं हा मानूस उठंन, दुसऱ्या कायनं नाई."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"रडलो होतो ना मी, माणिक. तसं तोंड घेऊन काय सांगू? च्या पेलो म्हटलं."

मोटरच्या खोलीचं दार करकरलं. बाबा बाहेर आले. गमबूट, रेनकोट, चिमटा, सगळं जागच्या जागी. ते वाफ्याच्या पलीकडेच थांबले.

"वांग्याचा भाव तुमी उतरवला?"

मामाजी दचकले. कित्येक महिन्यांनंतर मेहुणा बोलला होता. "मी कायले उतरवू? बाजारानं उतरवला! आवक लय होती त्या दिवशी."

"गवार?"

"गवार तेजीत होती."

"मंग मले गवार काहून नाई केलं?"

निंबाखाली कोणाला काही कळेना. आजीनं हळूच हातातल्या मिठानं दृष्ट काढायची तयारी केली. बाबांनी वर्षालीकडे पाहिलं. तिनं मान हलवून खुणावलं की आपण काही सांगितलेलं नाही.

मग बाबांनी स्वतःच सांगितलं. तिथेच वाफ्यात उभं राहून, वांग्यांच्या मधोमध, पांढऱ्या उजेडापासून शून्यापर्यंत. देठ सांगितला. काटा सांगितला. आईचं सांगताना जमिनीकडे पाहत सांगितलं.

सांगून झालं. अमोलकाकाचे गाल फुगले होते, रागिणीकाकूनं त्याच्या पायावर पाय दिला होता.

"मी होती काय रे त्या बाजारात?" शेवटी आजीनं विचारलं.

"होती."

"काय करे?"

"सांबार फुकट मागून राहिली होती."

आणि पहिले हसले ते बाबाच. फुस्स करून, नाकातून, चुकून. मग अमोलकाका फुटला, मग आत्या, मग आजी तर सांबारावरून, म्हणजे कोथिंबिरीवरून, असलेली आपली सगळ्या बाजारातली कीर्ती आठवून डोळे पुसू लागली. हसू नकोस म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना काय तोंड दाखवायचं, या विचारानं वर्षाली हसायची थांबली आणि मग पुन्हा हसली.

आई हसली नव्हती.

"मी ठेवून देल्लं नाई," ती म्हणाली. "वेळ झाला म्हून सिस्टरनं बाहेर काढलं मले. मी दाबून पाहत नोती. हात धरला होता तुमचा. सोडता येत नोता मले." तिनं पळी खाली ठेवली. "जवाईबुवा, ती बोली पुन्हा लावा."

"ऑं?"

"लावा म्हन्ते ना. माही राहिली होती."

आईनं कधी जवायाला हुकूम दिला नव्हता, म्हणून तो पाळला गेला. मामाजी निंबाखालच्या एका पालथ्या क्रेटवर चढले. बाबांना पुढे उभं केलं. मामाजींनी घसा साफ केला आणि तोंडावर हात ठेवून, दवाखान्यात बोलावं तसं म्हणाले, "वांगे आहेत... कोनाले पाह्यजे असंन तं..."

"असा हर्रास होते?" बाबा भडकले. "असं तं मले कोनी फुकट नाई नेनार! उतरा खाली!"

त्यांनी मामाजींना हाताला धरून उतरवलं, हाताला धरून, हे आत्यानं पाहिलं, आणि स्वतः वर चढले. रेनकोट काढून फेकला. पहिली हाळी घोगरी आली. नळीनं घसा खरवडला होता. दुसरी जरा बरी. तिसऱ्या हाळीला निंबावरचे राघू उडाले.

"हाऽऽऽ बोला! वलगावचा माल बोला! मशीनवरून उतरेल ताजा माल! कीड एकाच जागी, काखेत, बाकी माल खणखणीत! बोला!"

"माही फटफटी!" अमोलकाका ओरडला.

"फटफटीले ब्रेक नाई! पुढं बोला!"

"अकोल्याचा वरचा मजला!" आत्या.

"तिथं पानीच चढत नाई! पुढं!"

"शेळी!" आजी. "दोन्ही पिल्लं धरून!"

रागिणीकाकूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. इतक्या दिवसांचा तिचा संशय तोंडावर आपटला होता. "आमच्या वाट्याची विहीर," ती एकदम म्हणाली आणि स्वतःच चकित झाली.

"अवं!" अमोलकाका किंचाळला, पण बोली लागली होती.

आणि तेवढ्यात गंजात कोणाच्या तरी मोबाईलचा अलार्म वाजला. पितळेच्या पोटातून, झाकणाखालून. टूं. टूं. टूं.

बाबांचा आवाज तुटला. हात हवेत काहीतरी धरू पाहू लागला. वर्षाली गंजाकडे धावली, सगळे मोबाईल उपसले, आणि तो नेमका तिचाच निघाला, केमिस्ट्रीच्या क्लासचा. तो बंद करून वळते तो आई क्रेटजवळ पोचली होती. तिनं बाबांचा हवेतला हात हातात घेतला. दाबला. आणि ठेवून दिला नाही.

"मी बोली नाई लावत," ती म्हणाली. "हा माल माहाच हाये. मी परत न्याले आली."

बाबा उभे होते. घाम गळत होता. पळाले नाहीत.

"एक वार," ते म्हणाले, अगदी बारीक. श्वास घेतला. "दोन वार."

"घे वं एकडाव, कौशल्या!" आजी ओरडली. "रोडगे थंड होऊन राहिले!"

"तीन वार."

पहिला रोडगा मामाजींनी फोडला आणि बोटं भाजून घेतली, कारण थंड वगैरे काही झाले नव्हते. फुंकर मारत, तुपात बुडवत, हाय हाय करत त्यांनी घास बाबांच्या तोंडासमोर नेला. बाबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. घास घेतला. आत्यानं पदर डोळ्याला लावला आणि जगऱ्याच्या धुरावर ढकललं.

"मंगळवारी मी अमरावतीले जातो," बाबा घास चावत म्हणाले. "त्या डोक्याच्या मॅडमकडं. मी पागल नाई. पन रात्री हर्रास पुन्हा लागंन, मले माहीत हाये. एका दिवसात बाजार उठत नाई."

"मी येतो संग," मामाजी म्हणाले. "गाडी घेऊन येतो."

"या. पन ते मागं घ्याची भानगड नाई."

"समोरच्या समोर नेतो. अकोल्यावरून फिरून येऊ लागलं तं."

जेवणं अशी झाली की अमोलकाका निंबाला टेकला तो तिथेच घोरू लागला. वर्षाली आईसोबत भांडी आवरत होती. विहिरीवर गंज विसळून ती परत आली तेव्हा आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी दाखवलं.

बाबा सतरंजीवर आडवे झाले होते. गमबूट पायातून निघून बाजूला उभे होते. चिमटा मामाजींच्या बोटाला होता, त्यांचा आकडा चांगला आहे याची खात्री करूनच बाबांनी डोळे मिटले असावेत. आणि मामाजी त्यांच्या पायाशी मांडी घालून, मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून, अगदी हळू आवाजात वाचत होते.

"टमाटे, साधारन. पानकोबी, साधारन. मेथी, उतरली. सांबार..." त्यांनी आजीकडे चोरून पाहिलं. "सांबार, महाग."

बाबांचा श्वास लांब होत चालला होता. वर्षाली ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मामाजींचं बोट पडद्यावर खाली सरकलं, एका जागी थबकलं. तिनं वाकून पाहिलं. आजही आवक लय होती, भाव उतरलेला.

मामाजींनी घसा साफ केला.

"वांगे," त्यांनी वाचलं, "तेजीत."

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"खोटं बोलून राहिले, जवाईबुवा," ते झोपेतच पुटपुटले. "पन वाचा."